ॲप म्हणतं ‘सोल्जर फ्लाय’, पण नक्की कोणती? फोटोवरून गट ओळखायची सोपी पद्धत

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या ड्रमभोवती काळ्या, लांबट माश्या घिरट्या घालायला लागल्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी धूसर फोटो टाकला आणि विचारलं, “हे काय आहे? चावतात का?” ग्रुपमधला सॉफ्टवेअरवाला मी. तोच फोटो मी ओळख सांगणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. यादीत सगळ्यात वर गांधीलमाशीचं नाव आलं. मी ते जसंच्या तसं ग्रुपवर लिहून टाकलं. संध्याकाळी फवारणी झाली. दोन दिवसांत ड्रममधल्या अळ्या मेल्या आणि त्या जो कचरा भराभर संपवत होत्या, तो सडून पुढचे तीन आठवडे वास मारत राहिला.

त्या गांधीलमाश्या नव्हत्याच. ती होती ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी. तिला नांगी नसते आणि ती चावतही नाही. ॲपने फक्त अंदाज सांगितला होता, तो निकाल म्हणून पुढे पाठवला मी.

त्यानंतर या माश्या नीट ओळखायच्या कशा, हे मी शिकून घेतलं. या लेखात तीच पद्धत पायरीपायरीने देतो आहे. लागेल फक्त तुमचा फोन आणि थोडा धीर.

सोल्जर फ्लाय म्हणजे नक्की काय?

ही एक माशी नाही, माश्यांचं अख्खं कुळ आहे. शास्त्रीय नाव स्ट्रॅटिओमायिडी. ग्रीक भाषेत सैनिकाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आलं, कारण यातल्या अनेक माश्यांच्या पाठीवर भाल्याच्या टोकासारखे काटे असतात. नॉर्मन वुडली या अभ्यासकाने २००१ साली या कुळाची जागतिक सूची प्रसिद्ध केली. तिच्यात अडीच हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्या १२ उपकुळांमध्ये विभागलेल्या आहेत.

इंग्लंडमध्ये तर या माश्यांना चक्क लष्करी हुद्दे दिलेत. स्ट्रॅटिओमिस प्रजातीतल्या माश्या ‘जनरल’, ओडोन्टोमायातल्या काही ‘ब्रिगेडियर’, सार्गस ‘सेंचुरियन’, बेरिस ‘लिजनेअर’. गंमत म्हणून दिलेली ही नावं खरं तर गटच सांगतात. जनरल आणि सेंचुरियन यांची शरीररचना वेगळी, अळ्या राहण्याच्या जागाही वेगळ्या.

पुढे वाचण्याआधी चार शब्द लक्षात ठेवा. कुळ सगळ्यात मोठं, त्यात उपकुळं, उपकुळात प्रजाती आणि प्रजातीत जाती. फोनमधल्या फोल्डरसारखंच: फोल्डर, सबफोल्डर, त्यात आणखी एक फोल्डर आणि शेवटी फाइल.

ॲप कुठे चुकतं?

ओळख सांगणारं ॲप काटे मोजत नाही. त्याच्या मॉडेलने लाखो फोटो पाहिलेले असतात आणि तुमचा फोटो त्यातल्या कशासारखा दिसतो, एवढंच ते सांगतं. काळी, लांबट, निळसर पंखांची, लांब मिशांची आकृती दिसली की मॉडेलला गांधीलमाशी आठवते. त्यात त्याचा फारसा दोष नाही. काळी सैनिक माशी दिसायला गांधीलमाशीसारखीच झालेली आहे, कारण पक्षी गांधीलमाशीच्या वाटेला सहसा जात नाहीत.

दुसरं कारण शुद्ध तांत्रिक आहे. तुमचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद असला तरी मॉडेलमध्ये जाण्याआधी तो लहान केला जातो. बऱ्याच प्रचलित मॉडेल्समध्ये ही रुंदी २२४ किंवा २९९ पिक्सेल असते. म्हणजे फोटो तेरा ते अठरा पटींनी आकसतो. पाठीवरचा काटा मूळ फोटोत २० पिक्सेलचा असेल, तर मॉडेलपर्यंत तो एक-दीड पिक्सेलचा होऊन पोचतो. म्हणजे दिसतच नाही.

यावरचा उपाय फुकट आहे. फोटो अपलोड करण्याआधी क्रॉप करा, माशीने चौकट जवळजवळ भरली पाहिजे. तोच फोटो, तेच ॲप, पण उत्तर बऱ्याचदा बदललेलं दिसेल.

पायरी १: माशी की गांधीलमाशी?

पंख मोजा. माशीला दोनच पंख असतात, तर गांधीलमाशी आणि मधमाशी यांना चार. माशीच्या मागच्या दोन पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन छोटे दांडे असतात. उडताना तोल सांभाळायला ते कामी येतात. बाजूने काढलेल्या स्पष्ट फोटोत ते पंखाच्या मुळाशी फिकट ठिपक्यासारखे दिसतात.

कमरेवर जाऊ नका. काळ्या सैनिक माशीच्या पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या असतात. त्यांतून उजेड आरपार जातो आणि लांबून कंबर बारीक असल्याचा भास होतो. मी फसलो तो इथेच. पण जवळून पाहिलं तर हीच खिडकी या माशीची सगळ्यात पक्की खूण आहे.

पायरी २: ही सोल्जर फ्लायच आहे का?

इथे पंखांच्या शिरा बघायच्या. पंख उजेडासमोर येईल असा फोटो असेल तर तीन गोष्टी तपासा:

• जाड, ठळक शिरा पंखाच्या पुढच्या कडेकडे गर्दी करून असतात आणि पंखाचं टोक यायच्या आधीच संपतात.
• मागच्या भागातल्या शिरा फिक्या, जेमतेम दिसणाऱ्या.
• पंखाच्या मध्याजवळ शिरांनी वेढलेला एक छोटा, पाचकोनी वाटावा असा खण असतो. सोल्जर फ्लायमध्ये हा खण बराच लहान असतो.

शिरा दिसत नसतील तर बसण्याची ढब बघा. बऱ्याच सोल्जर फ्लाय बसल्यावर दोन्ही पंख पाठीवर सपाट, कात्रीची पाती मिटावीत तसे एकावर एक ठेवतात. घरमाशी तसं करत नाही. ढबीवरून शंका तेवढी येते, खात्री मात्र शिराच देतात.

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सोल्जर फ्लायचा गोंधळ फुलांवर येणाऱ्या होव्हरफ्लायशी होतो. होव्हरफ्लाय हवेत एका जागी स्थिर तरंगते आणि तिच्या मिशा सहसा आखूड असतात.

पायरी ३: काटे मोजा

पाठ जिथे संपते आणि पोट सुरू होतं, तिथे ढालीसारखा एक छोटा तुकडा असतो. त्याला स्कुटेलम म्हणतात. काटे त्याच्या मागच्या कडेवर येतात. वरून काढलेला फोटो झूम करून मोजा.

• एकही काटा नाही: हर्मेशिया, सार्गस, टेक्टिकस, मायक्रोक्रायसा, नेमोटेलस.
• दोन काटे: स्ट्रॅटिओमिस, ओडोन्टोमाया आणि त्यांचे भाऊबंद. क्लिटेलॅरिनी या उपकुळातही दोन काटे सापडतात, म्हणून फक्त काट्यांवरून निकाल देऊ नका.
• चार ते आठ काटे: बहुतेक वेळा बेरिडिनी उपकुळ. पोटाचे खंडही मोजा. बेरिडिनीत वरून सात खंड दिसतात, इतर बहुतेक गटांत पाचच.

एक विसंगती लक्षात आली का? जगात सगळ्यात प्रसिद्ध असलेली काळी सैनिक माशी, म्हणजे हर्मेशिया, हिच्या स्कुटेलमवर एकही काटा नाही. नाव सैनिकाचं आणि भालाच नाही! म्हणून ‘काटे नाहीत म्हणजे सोल्जर फ्लाय नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. कुळ शिरांवरून ठरवायचं, काटे नंतरच्या पायरीवर.

पायरी ४: मिशा बघा

माझ्या मते मिशा हा सगळ्यात उपयोगी अवयव आहे. बऱ्यापैकी फोटोतही त्यांचा आकार कळतो.

• लांब आणि शेवटचा भाग चपट्या पट्टीसारखा: हर्मेशिया.
• बुटक्या, गोलसर आणि टोकाला एक लांब केस: सार्गस, टेक्टिकस, मायक्रोक्रायसा, म्हणजे सार्जिनी उपकुळ.
• लांब, कोपरात वाकलेल्या हातासारख्या, पहिला भागच खूप लांब: स्ट्रॅटिओमिस.
• तशाच धाटणीच्या पण पहिला भाग आखूड: ओडोन्टोमाया.
• सरळ, मण्यांच्या माळेसारखी कडी, टोकाला लांब केस नाही: बेरिस आणि तिचे नातेवाईक.

स्ट्रॅटिओमिस आणि ओडोन्टोमाया यांत फरक करायचा तर पहिल्या दोन भागांची लांबी ताडून बघा. पहिला भाग दुसऱ्याच्या चौपट किंवा जास्त असेल तर स्ट्रॅटिओमिस. फोटो एडिटरमध्ये रेघ ओढून हे मोजता येतं, मी तसंच करतो.

आता गट जुळवा

हर्मेशिया. काळी, साधारण १५ ते २० मिलिमीटर, धुरकट पंख, पोटावर दोन पारदर्शक खिडक्या, पायांची टोकं पांढरी. काळ्या सैनिक माशीचं पूर्ण नाव हर्मेशिया इल्युसेन्स. ती मूळची अमेरिका खंडातली, आता उष्ण प्रदेशांत जगभर पसरली आहे. आपल्याकडे कंपोस्टच्या ड्रममध्ये दिसते ती बहुधा हीच.

सार्जिनी. काटे नाहीत, मिशीला केस. सार्गस सडपातळ आणि धातूसारखी चकाकणारी. मायक्रोक्रायसा छोटी, चार ते सहा मिलिमीटरची, बहुधा हिरवी चकाकी. टेक्टिकस नारिंगी-पिवळी, लांब पायांची, सडक्या फळांपाशी सापडणारी, त्यामुळे तीही गांधीलमाशी समजून मारली जाते. टेक्टिकसची खास खूण अशी की मिशीच्या दुसऱ्या भागावर आतल्या बाजूला अंगठ्यासारखा उंचवटा असतो. पण तो दिसायला मॅक्रो लेन्स लागते.

स्ट्रॅटिओमायिनी. दोन काटे, रुंद आणि चपटं पोट, बऱ्याचदा पिवळे किंवा हिरवे पट्टे. यातल्या अनेकांच्या अळ्या पाण्यात राहतात. अळीच्या शेपटीच्या टोकाला पिसांसारख्या केसांचं वर्तुळ असतं. ते पाण्याच्या पृष्ठभागावर उघडून ती श्वास घेते. डबकं, तळं, भातखाचर जवळ असेल तर या गटाची शक्यता वाढते.

बेरिडिनी. छोट्या, सडपातळ, चार ते आठ काटे, पोटाचे सात खंड. थंड, ओलसर जंगलांत जास्त.

पॅकिगॅस्ट्रिनी. काही मिलिमीटरच्या, काळ्या, गोल बुटक्या पोटाच्या. अळ्या मेलेल्या झाडाच्या सालीखाली असतात. फोनच्या फोटोवरून याच्या पुढे जाणं जवळजवळ अशक्य, म्हणून उपकुळावरच थांबा.

नेमोटेलस. चेहरा पुढे शंकूसारखा निघालेला. बाजूने फोटो काढलात तरच कळेल.

रंगावर विसंबू नका

नवशिके सगळ्यात आधी रंग बघतात. ॲपचं मॉडेलही रंगावर बराच भर देतं. पण या कुळात रंग तीन प्रकारे फसवतो.

एक, धातूसारखी चकाकी कोनावर अवलंबून असते. तीच माशी एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने जांभळी. फ्लॅश मारला की तिसराच रंग.

दोन, नर आणि मादी वेगळे असू शकतात. युरोपात बागांमध्ये दिसणाऱ्या क्लोरोमाया फॉर्मोसा या जातीत नराचं पोट सोनेरी-तांबूस आणि मादीचं निळसर-जांभळं असतं. पाहणाऱ्याला वाटतं दोन जाती आहेत. बऱ्याच सोल्जर फ्लायमध्ये नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात आणि मादीच्या डोळ्यांमध्ये जागा असते. हे लक्षात ठेवलं तर गोंधळ कमी होतो. हर्मेशिया मात्र इथेही अपवाद, तिच्यात दोघांचेही डोळे वेगळेच असतात.

तीन, मेलेल्या माशीचा हिरवा रंग अनेकदा उतरून पिवळट पडतो. खिडकीत वाळून पडलेल्या माशीचा रंग पुरावा म्हणून धरू नका.

आकार, काटे, शिरा आणि मिशा उजेड बदलला म्हणून बदलत नाहीत. म्हणून अभ्यासक आधी त्या पाहतात आणि रंग शेवटी.

फोनने फोटो कसा काढायचा?

• सकाळी लवकर काढा. गारव्यात माश्या सुस्त असतात.
• किमान तीन फोटो हवेत: वरून काट्यांसाठी, बाजूने पंखांच्या मुळासाठी आणि समोरून मिशांसाठी.
• डिजिटल झूम टाळा. फोनमध्ये मॅक्रो मोड असेल तर तो वापरा, नाहीतर क्लिपवाली लेन्स लावा.
• बर्स्ट मोडने पंधरा-वीस फोटो घ्या, एक तरी स्पष्ट निघतो.
• शेजारी माहीत असलेल्या मापाची वस्तू ठेवा. एक रुपयाचं नाणंही चालेल.
• लोकेशन चालू ठेवा. कुठे दिसली आणि कशावर बसली होती, ही माहिती फोटोइतकीच मोलाची.

कुठे थांबायचं?

माझ्या चुकीचं मूळ इथे होतं. नाव जितकं बारीक, तितकी उत्तर बरोबर असल्याची भावना पक्की होते. प्रत्यक्षात उलटं असतं: फोल्डरमध्ये जितकं खोल जाल, तितका जास्त पुरावा लागतो.

आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर खात्री नसेल तर फक्त कुळाचं किंवा प्रजातीचं नाव देता येतं. किमान दोघांनी ओळख दिली आणि दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. पुढे अशा नोंदी अभ्यासात वापरल्या जातात. ॲपने सुचवलेलं नाव न तपासता दाबलं आणि मित्रानेही तसंच दाबलं, तर दोन अंदाजांची मिळून एक ‘खात्री’ तयार होते. शिवाय असे फोटो पुढच्या मॉडेलला शिकवायला वापरले गेले, तर मॉडेलही तीच चूक शिकतं.

म्हणून माझा नियम असा आहे:

• फक्त धूसर आकृती दिसते: ‘माशी’ एवढंच लिहा.
• पंखांच्या शिरा दिसतात: सोल्जर फ्लायचं कुळ.
• शिरा, काटे आणि मिशा दिसतात: उपकुळ, कधी प्रजाती.
• एकट्या जातीचीच असलेली खूण दिसते: जाती. कंपोस्टपाशी सापडलेली, पोटावर खिडक्या आणि पट्टीसारख्या मिशा असलेली काळी माशी ही अशी सोपी केस आहे.

नेहमी पडणारे प्रश्न

ड्रममध्ये फक्त अळ्या आहेत, माशी दिसत नाही. ओळखायचं कसं?
घरमाशीची अळी पांढरी, मऊ, एका टोकाला निमुळती आणि डोकं न दिसणारी. सोल्जर फ्लायची अळी चपटी, खंडाखंडांची, चामड्यासारख्या कडक कातडीची आणि छोटं डोकं दिसणारी. या कातडीत कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणून ती हाताला खरखरीत लागते. काळ्या सैनिक माशीची अळी मोठी होताना गडद तपकिरी होते आणि कोष व्हायच्या आधी ड्रमच्या भिंतीवर चढून बाहेर पडू पाहते. नेमकं तेव्हाच लोक घाबरतात.

त्या घरात शिरून अन्नावर बसतात का?
काळ्या सैनिक माशीचं बहुतेक खाणं अळी असतानाच उरकतं. त्यामुळे मोठ्या माशीला तुमच्या ताटात सहसा रस नसतो.

सगळ्याच सोल्जर फ्लाय उपयोगी असतात का?
नाही. ऑस्ट्रेलियात इनोपस या प्रजातीच्या अळ्या उसाच्या मुळांवर जगतात आणि पिकाचं नुकसान करतात. कुळ तेच, उपकुळ वेगळं. नुसतं ‘सोल्जर फ्लाय आहे’ म्हणून माशीला चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही, गटापर्यंत जावं लागतं ते यासाठीच.

आमच्या ड्रममध्ये दोन महिन्यांनी पुन्हा माश्या आल्या. या वेळी मी ग्रुपवर नाव टाकलं नाही. तीन फोटो टाकले: वरून, बाजूने आणि पोटावरच्या खिडक्यांचा क्लोजअप. खाली लिहिलं, “दोन पंख, नांगी नाही, काळी सैनिक माशी. फवारणी नको, झाकण नीट लावा.” सेक्रेटरी काकांनी स्वतः खाली जाऊन झूम करून खिडक्या बघितल्या आणि फवारणीवाल्याला नको म्हणून कळवलं.